कवडू भाऊजी देवाघरच्या फोल्डरमध्ये

१ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

माह्या पोराले, धर्मेंद्रले, प्लांटमधून दोन डायऱ्या भेटल्या. एक मोनालीनं किराण्याच्या यादीसाठी घेतली, एक मी उचलली. कोणाले सांगतलं नाही. सून असलेल्या घरात आपलं काहीतरी लपवलेलं असावं.

खुशी अशी की उन्नतीचा साखरपुडा २३ तारखेले! माही एकुलती एक नात, रायपूरले नोकरी, शनिवार-रविवार घरी येते. तिनं साऱ्या खानदानाचे फोटो एका डबीत भरले. हार्ड डिस्क म्हणते तिले. साबणाच्या वडीएवढी डबी अन् आठशे बारा फोटो. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर चालवणार. आज मले कॉम्प्युटर शिकवला. कट कराचं, पेस्ट कराचं, नवीन फोल्डर कराचं. फोल्डर म्हणजे किराण्याचे डबेच, नाव लिहाचं अन् भराचं. घंट्याभरात आलं. उन्नती म्हणे, आजी, तू शिकली असती तर इंजिनिअर झाली असती. मले हे आधीपासूनच माहीत होतं. आमच्या वेळी चौथीच्या वर कोण शिकवत होतं पोरीले.

३ नोव्हेंबर, दुपार

डबी पूर्ण पायली. घोटाळा आहे. गेलेले अन् असलेले एकाच फोल्डरमध्ये! माही सासू, जाऊन तीस वर्षं झाली, ते मोनालीच्या भिशीवाल्या बायांच्या बाजूले. भिंतीवर तरी आपण असे लावतो का? गेलेल्यांची ओळ वेगळी, असलेल्यांची वेगळी. पोट्टीच्या साखरपुड्यात सारे मिसळून नाचणार पडद्यावर, अन् घरात कोणाच्या ध्यानात नाही. शिकलेली माणसं!

नवीन फोल्डर केला. नाव दिलं "देवाघरचे". एकेक अक्षर शोधून, वीस मिनिटं लागली. धर्मेंद्र ड्युटीवर, मोनाली शिवणक्लासले. एक ते चार काम.

४ नोव्हेंबर

ह्यांचे फोटो हलवले. जरा वेळ लागला त्याले.

सायंकाळी बाजूच्या क्वार्टरच्या सिंधुताई म्हणे, उतईचा कवडू गेला, दम्याचा त्रास होता. कवडू भाऊजी! ह्यांचे चुलत भाऊ. अकरा वर्षं येणंजाणं नाही, पण रक्ताचं माणूस. डोळ्यात पाणी आलं. नऊ फोटो होते भाऊजींचे, नऊही देवाघरी टाकले. मग डोक्यावरून आंघोळ केली.

धर्मेंद्रले सांगतलं नाही. सुतकात साखरपुड्याची खरेदी अडकेल. साऱ्या घराचं सुतक मी एकटीच पाळून राहिली. रात्री खीर नाही घेतली. मोनालीनं विचारलं, आई, कावून नाही घेत? शुगर, म्हटलं. तिनं पायलं माह्याकडे. लय पाहते ती.

९ नोव्हेंबर, रविवार

काम परवाच संपलं. उन्नती डबी घेऊन दोन घंटे बसली होती. कपाळावर आठ्या. काही बोलली नाही. एवढी सफाई कोणी केली, हेच विचारात असेल. मीही नाही बोलली. मोठेपणा आपल्या तोंडानं सांगू नाही.

१० नोव्हेंबर, सकाळ

फोन वाजला, मी उचलला. वहिनी, मी कवडू बोलून राहिलो, धर्मेंद्रचं निमंत्रण भेटलं, उतईची बस तुमच्या रुआबांध्याले थांबते का?

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

थांबते, म्हटलं.

सिंधुताईकडे गेली. तर म्हणे, मी कुठी म्हटलं तुमचा कवडू? उतईत काय एकच कवडू आहे का? दुधाचा धंदा करे तो गेला. असं बोलणं असते का? पूर्ण पत्ता सांगा न माणसाचा.

सहा दिवसांचं सुतक फुकट. आल्याबरोबर दोन रव्याचे लाडू खाल्ले.

दुपार

भाऊजींले बाहेर काढाले बसली. कट होत नाही. पुन्हा केलं. एक चौकट येते, इंग्रजीत काहीतरी लिहून. नवीन फोल्डर कराले गेली तर तोही होत नाही. फोटो सारे दिसतात, उघडतात, मोठे होतात, पण एकही जागचा हलत नाही. जिवंत माणूस देवाघरच्या फोल्डरमध्ये, अन् दार बंद.

११ नोव्हेंबर

उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तीनदा. डबीची वायर डावीकडची काढून उजवीकडे लावली. डबी दमट झाली असेल म्हणून पापडाच्या कपड्यावर अर्धा घंटा उन्हात ठेवली. गरम झाली, बाकी काही नाही.

भाऊजींले फोन केला, सहज, तब्येत विचाराले. खोकला झाला म्हणे कालपासून. कालपासून! अन् कालच दार बंद झालं. तुळशीचा काढा घ्या म्हटलं.

१२ नोव्हेंबर

मशीन आपोआप बिघडत नाही. कोणीतरी केलं. घरात तिघं. धर्मेंद्रले ड्युटीतून फुरसत नाही. मी तर मीच आहे. राहिली मोनाली.

अन् तिच्यापाशी कारण आहे. तिचं नवीन नवीन लगन झालं तेव्हा भाऊजी जेवाले आले होते अन् वांग्याच्या भाजीत तेल जास्त झालं म्हणाले होते. चारचौघांत. ती हसली होती तेव्हा. पण मी पायलं होतं, हसताना तिनं पदर आवळला होता. आता तिनं भाऊजींले आत पाहिलं असेल, अन् म्हटलं असेल, राहू दे.

आज चहा आणून दिला, न मागता. कावून?

भाऊजी न्हाणीत घसरले. कोपर खरचटलं. उभं राहून आंघोळ करू नका म्हटलं.

१४ नोव्हेंबर

डबी पदरात बांधून मार्केटात शामसुंदरच्या दुकानात गेली. कॉम्प्युटरवाला आहे, नेहमीचा. मोनालीले सांगतलं मंदिरात जाते. मंदिरासमोरून गेलीच, खोटं नाही बोलली.

त्यानं डबी लावली, पायली. म्हणे, माताजी, डिस्क एकदम ठीक है, किसी ने जानबूझकर रीड-ओन्ली किया है. म्हणजे काय बापू? म्हणे, देख सकते हो, बदल नहीं सकते. पासवर्ड से खुलेगा, घर में पूछ लो, घर के ही किसी ने लगाया होगा.

घरचाच माणूस! मी म्हटलं नव्हतं?

तू खोलून दे म्हटलं, तर म्हणे, नहीं माताजी, जिसकी डिस्क है उसको लाओ. मोनालीच्या मोबाईलची काच यानंच बदलून दिली होती दिवाळीत. ओळख आहे त्यांची. समजलं मले.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना भांडं फुटलं. म्हणजे खरं भांडं नाही.

उन्नती म्हणे, पप्पा, डिस्क को मैंने लॉक किया है. कोणीतरी फोटो इकडचे तिकडे केले, अर्धी फॅमिली आपल्या जागेवर नाही. अजून कोणी डिलीट केलं तर सगळं जाईल, म्हणून आता कोणाले काही करता येणार नाही.

मी वरणात भात कालवत राहिली.

धर्मेंद्र म्हणे, बरोबर केलं. प्लांटमध्ये मशीनवर काम सुरू असलं की आम्ही ताला लावून टॅग लटकवतो, अन् ज्यानं ताला लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हात नाही लावायचा, मग तो जीएम का असेना.

मोनाली म्हणे, पण केलं कोणी? अन् माह्याकडे पापड सरकवला. पापड! मले दात आहेत का?

मग उन्नती म्हणे, आजी, तू दिवसभर घरी असते, जरा नजर ठेव न, डिस्कले कोण हात लावते ते. मी म्हटलं, ठेवते.

म्हणजे घरात विश्वासाचं माणूस मीच एक. आता अशा वेळी खरं सांगणं बरं दिसत नाही. पहारेकऱ्यानंच कबूल केलं तर पोट्टीचा माणसांवरून विश्वास उडेल.

१९ नोव्हेंबर

पहारा चालू. कोणी आलं नाही.

भाऊजींले सकाळ-संध्याकाळ फोन. बीपी तपासा म्हटलं, तपासलं, वाढलेलं निघालं. वहिनी, अकरा वर्षं एक फोन नाही, अन् आता दिवसातून दोनदा, म्हणे. पोट साफ झालं का हेही विचारता. स्पष्ट सांगा, माह्या प्लॉटवर डोळा आहे का? मले विकाचा नाही.

पाहा. मी त्यांच्या जिवासाठी झटून राहिली, अन् माणसाच्या मनात शंका. मले अशी शंकेखोर माणसं समजतच नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उन्नतीची मैत्रीण गुंजन रायपूरहून आली. फोटोंचा सिनेमा तिनंच बनवला, उन्नतीनंही अजून पायला नाही. आपल्यातलं कोणाले ओळखत नाही, पण गुणाची आहे. मले म्हणे, आजी, किसी ने गुज़रे हुए लोगों का फोल्डर बहुत अच्छे से अलग किया था, मैंने उसका स्पेशल हिस्सा बनाया है, हार-वार लगाके.

किती आनंद झाला! कोणीतरी कदर केली.

मग कोथिंबीर निवडताना ध्यानात आलं. हार. नऊ फोटो.

सांगाले उठली. पण पाहुणे आले, मग मेंदीवाली आली, मग गुंजन झोपली. उद्या सकाळी सांगू. सकाळी माणसाचं डोकं शांत असते.

२३ नोव्हेंबर, घरी आल्यावर

सकाळी वेळ भेटला नाही. दुपारीही नाही. मोनालीनं मले पहिल्या रांगेत बसवलं, अन् बाजूच्या खुर्चीवर कोण? कवडू भाऊजी. पांढरा सफारी, हाताले पट्टी, खोकला बंद. नवरदेवाकडची साठ माणसं.

सिनेमा सुरू झाला. उन्नती लहानपणाची, सारे हसले. मग बासरी वाजली, दिवा आला. माही सासू आली, हार घालून. हे आले. मी हात जोडले. मग कवडू भाऊजी आले. झेंडूचा हार, हळूहळू मोठे होत होत पडदाभर. खाली लिहून, भावपूर्ण आदरांजली.

भाऊजी चष्मा लावून वाचत होते. मग सारा हॉल भाऊजींकडे पाहू लागला. धर्मेंद्र उभा राहिला. नवरदेवाची आजी पदराआड हसून राहिली होती.

भाऊजी माह्याकडे वळले. म्हणे, वहिनी, कधी गेलो मी?

मी म्हटलं, चार तारखेले.

तोंडातून निघून गेलं. वीस दिवस तेच घोकत होती न मी. उन्नतीनं ऐकलं. मोनालीनंही ऐकलं. मोनाली म्हणे, म्हणजे ते खीर नाही घेतली तेव्हा?

पोट्टी हसून हसून रडाले लागली. स्टेजवर, नवरदेवासमोर, साऱ्या मेकअपसकट. भाऊजी हसले नाहीत. पण जेवले दोन माणसांचं, अन् जाताना गुंजनकडून तो फोटो मोबाईलवर घेतला. चांगला आला आहे, म्हणे.

२४ नोव्हेंबर, सकाळ

उन्नतीनं मले बोलावलं. मोनालीवर मी बारा दिवस शंका घेतली हे कोणाले माहीत नाही, तेवढं तरी बरं झालं. उन्नती म्हणे, मले पयल्याच दिवशी वाटलं होतं आजी तू आहे म्हणून, ताला तुह्यासाठीच होता. मग पहाऱ्यावर कावून बसवलं? तर म्हणे, तू पहाऱ्यावर असली की तू हात लावणार नाही, असं मम्मी म्हणाली.

मम्मी म्हणाली. म्हणजे शंका अगदीच चुकीची नव्हती.

ताला खोलला तिनं. भाऊजींले मी माह्या हातानं बाहेर काढलं, एकेक करून, नऊ. मग तिनं माह्यासमोरच ताला पुन्हा लावला. आता फक्त पाहाचं, आजी. हो म्हटलं.

पासवर्ड टाकताना तिनं दुसऱ्या हातानं झाकलं होतं. मले काय कराचं आहे पाहून. पहिलं बटन वरच्या ओळीतलं होतं, डावीकडून सातवं. बस, एवढंच दिसलं मले.