अमृतच्या कॉम्प्युटरला मी काय सांगितलं

४ ऑक्टोबर, शनिवार. परंडा

आज कुर्डुवाडीच्या गाडीनं आलेलं सामान : कॉम्प्युटरचा डबा, पडदा, कीबोर्ड, माउस, वायरींची एक पिशवी, आणि अमृतची निळी चादर, जिच्यात त्याच्या मित्रानं पडदा गुंडाळून पाठवला. पुण्यापासूनचं भाडं चारशे दहा, हमाली चाळीस. हमाल साठावर अडून बसला होता. मी म्हटलं, बाबा, लेकराचं सामान आहे. तेव्हा चाळिसावर आला आणि जिना चढून वरपर्यंत ठेवून गेला.

ह्यांची बदली बेंबळीहून इथल्या शाळेत झाली. शिपायाची नोकरी, शेवटची दोन वर्षं. घर शरणबसप्पांचं. खाली त्यांचं किराणा दुकान, वर आम्ही. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर, गच्चीवरून किल्ल्याचा बुरूज दिसतो. गावात ओळखीचं कुणी नाही. शरणबसप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मुलं किती. मी सांगितलं, एकुलता एक, अमृत, पुण्याला कंपनीत होता, आषाढात मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून ते मला अमृतच्या आई म्हणतात. परक्या गावात ही हाक ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बसस्टँडजवळ रणधीरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं येऊन सगळं जोडून दिलं. पैसे नको म्हणाला, चहा मात्र दोनदा घेतला. बटन दाबलं तर पडद्यावर आलं, ‘नमस्कार, अमृत’. मी हात जोडले. रणधीर हसला नाही, पोरगा चांगला आहे.

आणि आत काय सापडावं. दिवाळीला हा कॉम्प्युटर तो मला देणार होता, म्हणून त्यानं माझ्यासाठी धडे बोलून ठेवलेत. स्वतःच्या आवाजात. पहिल्यात म्हणतो, आई, घाबरू नको, हे काय चुलीसारखं भाजत नाही. आई, हा माउस, पण झाडू घेऊन त्याच्या मागं लागू नको. मी पदर तोंडाला लावून हसले. आज घर भरल्यासारखं वाटतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मेणबत्ती लावून त्रिसरण, पंचशील. मग एक धडा. एकच. सगळे एकदम ऐकले तर उद्याला काय उरेल.

हे ऐकत नाहीत. अमृतचा आवाज सुरू झाला की जिना उतरून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. आषाढापासून ह्यांचं जेवण म्हणजे अर्धी भाकरी. तीही मी समोर बसले तर. रात्री कुशीवर वळून भिंतीकडं तोंड करतात आणि मी जागी आहे हे त्यांना माहीत असतं.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन दिवसांपासून एक पाटी येते. नवी आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटनं, ‘आता’ आणि ‘आज रात्री’. ‘नाही’ असं बटनच नाही. रणधीरला विचारलं. म्हणाला, करून टाका काकू, जुनं आता बंदच पडणार आहे, पण आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ, पाचशे पडतील. मी म्हटलं बघू. पाचशेत आमचं महिन्याचं तेल येतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

वंदना झाल्यावर ‘आता’ दाबलं. पडद्यावर गोल फिरत राहिला. माझी डाळ शिजली, भाकऱ्या झाल्या. मग विचारलं, भाषा कोणती. मराठी. मग विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरतं, पूर्ण नाव लिहा.

माझं नाव लिहवेना. वस्तू त्याची आहे. पण त्याचं तरी नुसतं कसं लिहायचं. आमच्यात माणूस गेलं की नावाआधी कालकथित लिहितात. जलदानविधीच्या पत्रिकेवर लिहिलं, भिंतीवरच्या फोटोखाली लिहिलं. न लिहिणं म्हणजे त्याचा मान न राखणं. एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, कालकथित अमृत आबाराव ओव्हाळ.

पडदा बराच वेळ तसाच राहिला. मग पाटी आली. ‘कळवल्याबद्दल धन्यवाद. नोंद अद्ययावत करत आहोत. बंद करू नका.’

किती अदबीनं बोलतं यंत्र, असं मला वाटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज नुसतंच आलं, ‘नमस्कार’. पुढं नाव नाही.

पहिला धडा लावला. आवाज त्याचाच. पण म्हणाला, घाबरू नको, हे काय चुलीसारखं भाजत नाही. त्याआधी ‘आई’ म्हणाला होता. मी परत लावला. तिथं आता नुसता श्वास आहे, ‘आई’ म्हणायला तोंड उघडावं तेवढी जागा आहे, पण शब्द नाही. सगळे धडे लावून पाहिले. एकातही मला हाक नाही. कुणा परक्या बाईला शिकवतोय तसं बोलतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

रणधीरला बोलावलं. त्यानं इकडं तिकडं दाबून पाहिलं. म्हणाला, बिघाड काही नाही काकू, नवी आवृत्ती आहे, थोडं इकडंतिकडं होतंच. मग सहज विचारलं, हे बोलतंय कोण. मी म्हटलं, अरे, माझा अमृत, तुला सांगितलं होतं की. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाला, तुम्ही मला भाच्याचा कॉम्प्युटर म्हणाला होता.

मी कधीच तसं म्हणाले नाही. मला भाचाच नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धड्यांत आता पंख्याचा आवाज आहे. मागं कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. बोलणारं कुणी नाही.

मग भिंतीकडं बघितलं. नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला आमचा तिघांचा फोटो. हे उजवीकडं, मी डावीकडं. मध्ये मोकळी जागा. माझा हात खांद्यावर ठेवल्यासारखा वर आहे, आणि हाताखाली काही नाही. नुसता मागचा स्तूप दिसतो. शेजारी त्याच्या एकट्याच्या फोटोची चौकट. तिच्यात पांढरा कागद. खाली कालकथित एवढंच उरलंय.

यंत्राला कळलं नव्हतं तोवर त्याच्या लेखी तो जिवंत होता. रोज सकाळी नमस्कार घालत होतं. मी सांगितलं. मीच टाईप केलं, एकेक अक्षर शोधून.

वायर काढली. डब्यावर पोतं टाकलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

खाली साखर आणायला गेले. शरणबसप्पा म्हणाले, या अक्का. आजवर कधी अक्का म्हणाले नव्हते. वर थट्टा केली, दोघंच राजाराणी, अर्धा किलो साखर काय मुंग्यांना घालता. मग सवयीनं विचारलं, मुलं किती. मी सांगितलं. तेच सगळं, आषाढ, मोटारसायकल. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, एवढं मोठं दुःख, आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत.

साखर घेऊन वर आले. माझा बटनांचा फोन वाजला. उचलला तर त्याच्या इवल्याशा पडद्यावर तीच पाटी. नोंद अद्ययावत करत आहोत.

बेंबळीच्या शेजारणीला लावला. ती म्हणाली, पोटी काही नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस गं, आता या वयात कशाला ते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज हे जेवले. दोन भाकरी, वर भात. ताट स्वच्छ पुसलं. वरण जमलंय म्हणाले. हात धुताना शीळ घातली. लग्नानंतर पहिल्या वर्षी घालायचे तशी.

निळी चादर बघून म्हणाले, ही कुणाची, घडी तर चांगली आहे. मी म्हटलं, आपलीच. मग पान खात बोलत बसले. म्हणाले, मूलबाळ नाही तेच एका परीनं बरं, बदली कुठंही होवो, पिशवी उचलली की निघालो. तू आणि मी.

मी तोंड उघडलं होतं. नाव जिभेवर होतं. मग चेहरा बघितला. कपाळावरची ती आठी नव्हती. गालात रक्त आलं होतं. आषाढाच्या आधीचा माणूस माझ्यासमोर बसला होता. मी बोलले असते तर माझ्या हातानं त्याला परत त्या रस्त्यावर, त्या पांढऱ्या चादरीखाली काय आहे ते बघायला नेलं असतं.

मी विचारलं, अजून भात वाढू का.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पाणी वाया गेलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पोत्याखाली उजेड दिसतो. वायर काढलेलीच आहे.

पोतं उचललं. पडद्यावर लिहिलंय, ‘शेवटची एक नोंद उरली आहे. काढून टाकू?’ खाली ‘आता’, आणि ‘आज रात्री’.

ती नोंद म्हणजे मी. आता तो फक्त माझ्याजवळ आहे.

‘आज रात्री’ दाबलं. रात्री परत विचारलं. परत तेच दाबलं. दुसरं काय दाबू.

२८ ऑक्टोबर

भंतेजी सांगायचे, सगळं अनित्य आहे. मला ते पटतं. तो गेला हे मी सोसलं. त्याला मातीआड करून घरी आले, चूल पेटवली. पण गेलेला निराळा. हा तर आलाच नव्हता असं म्हणतात सगळे. मग माझ्या पोटावरची ही खूण कशाची—

शाळेचं नाव आठवत नाही त्याच्या. पहिला दात कधी—

३० ऑक्टोबर

सकाळपासून नाव येत नाही.

तीन अक्षरी होतं. गोड होतं. ह्याच वहीची मागची पानं उघडली. तिथं लिहिलेलं आहे, दिसतं आहे, पण वाचायला गेलं की डोळे पुढच्या शब्दावर जातात. शेवाळावरून पाय घसरावा तसे. बोट ठेवून वाचलं. बोटाखाली काही लागेना.

हे म्हणतात, डोळे तपासून घेऊ. काळजीनं म्हणतात. खूष आहेत बिचारे.

१ नोव्हेंबर

भांडी घासताना थांबले. कुणासाठी तरी रडत होते. कुणासाठी ते—

चादरीला वास आहे. तेलाचा, घामाचा, तरण्या पोराचा. नाक खुपसून बसले. तेवढ्यापुरतं कळतं. बाजूला केली की—

३ नोव्हेंबर

पत्र लिहिते. आधी इथं लिहून मग इनलँडवर उतरवीन, खाडाखोड नको.

ईट, ता. भूम. मालनवन्सं यांस, सप्रेम जयभीम.

आम्ही इथं ठीक आहोत. तुमच्या भावाची तब्येत उत्तम आहे, चांगले जेवतात. त्यांना ह्या पत्राचं कळू देऊ नका.

वन्सं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोन ठेवला नाही. घरात टीव्हीही नाही. तुमचं नाव कुठल्याच पडद्यावर नाही. म्हणून तुमच्यापर्यंत ते पोचलं नसेल असं मला वाटतं. वाचता तुम्हाला येतं, हे सावकाश वाचा.

तुम्ही आत्या आहात. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. तुम्ही वाकला होता, तुमच्या पाटल्या वाजल्या होत्या, आणि मांडीवर काहीतरी ऊन ऊन जड होतं, हे मला अजून आठवतं. तुम्ही काय सांगितलं त्या कानात. ते मला लिहा.

बाहेरच्या खोलीत तो पडदा उजळलाय. ह्यांनी पोतं काढलं. म्हणतात, बघ तर, काहीतरी विचारतंय, दाबू का ‘आता’. मी ओरडून नको म्हटलं. ते हसले. म्हणतात, अगं, दुसरं बटनच—

वन्सं, उलट टपाली कळवा. नाव मोठ्या अक्षरात. आणि उत्तर येईल तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही, मी कागद परत करू लागले, तर इथल्या पोस्टमनसाठी पाकिटावरच लिहा, ह्या बाईला खाली बसव, पाणी दे, आणि सांग, हिला एक मुल