नाड्या परत ओवल्या

३ जून
मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, एका गोदामाचा व्यवस्थापक आणि ठमीचा बाप. ठमीला पुन्हा मनोरुग्ण विभागात दाखल करावे लागणार नाही, हे सिद्ध करण्यासाठी ही रोजनिशी. काल ती तिसऱ्या खेपेनंतर घरी आली. ही खेप शेवटची!

४ जून
त्या विभागात नाडीचे कपडे चालत नाहीत. कोणी जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून. त्यामुळे तिच्या साऱ्या पायजम्यांना इलास्टिक. आज नाड्या परत ओवण्याचा निर्णय जाहीर केला. सौ. म्हणाली, "अहो, राहू दे की थोडे दिवस." राहू देणे म्हणजे परत जाण्याची तयारी ठेवणेच नव्हे काय? सेफ्टीपिन घेऊन स्वतःच बसलो. दोन्ही टोके समान हवीत, यावर माझा कटाक्ष. गाठी दुहेरी. ठमी हसून हसून लोळली. "बाबा, पायजमा आहे तो, ताळेबंद नाही!"

१२ जून
गोळ्या वेळेवर. झोप उत्तम. ठमी पुस्तकांच्या दुकानात रुजू. मालकीणबाई म्हणाल्या, "पोरगी कामाला वाघ आहे हो!" मी सांगितलेच होते.

१९ जून
सर्व सुरळीत.

२४ जून
जेवताना ठमीने विचारले, "बाबा, समजा परत जावं लागलं, तर रागवाल?"
"तो प्रश्नच उद्भवत नाही," मी म्हणालो. ठामपणे. ती ताटातले तसेच ठेवून उठली. धीर आला असावा.

२७ जून
सौ. म्हणते, ठमी बंद नळाला कान लावून उभी असते. मागच्या वेळची सुरुवात अशीच — नळातून माणसे बोलतात म्हणे. ते तिने लपवले, आणि अखेर भर रस्त्यातून उचलून न्यावी लागली. पण ते मागच्या वेळी! नळ गळत असेल. उद्या प्लंबरला बोलावतो.

२९ जून
सकाळी तिच्या खोलीत डोकावलो. ठमी पलंगावर, मांडीवर पायजमा, आणि हातात ओढून काढलेली नाडी!
"बाबा, घाबरू नका हो. पिशवी भरतेय. नळ परत बोलायला लागलाय. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. पण या वेळी मला कुणी उचलून न्यायला नको. माझी मी चालत जाते. येताय ना?"
दुसऱ्या पायजम्याची गाठ तिला सुटेना. माझीच गाठ ती. मीच सोडवली.

२९ जून, सायंकाळी
डॉक्टरबाईंनी विचारले, "कोणी आणलं हिला?"
ठमी म्हणाली, "मीच आले. बाबांना सोबत आणलंय."
३ जूनच्या नोंदीतील हेतू रद्द समजावा.

(सही) ठमीचा बाप
स्थळ : विभागाबाहेरचा बाक
दिनांक : २९ जून