खाली आवाज येत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
गेमचा डबा वरच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आला. रेवाने स्वतः उचलून आणला, एवढं तरी झालं. प्रोजेक्टरला जोडला. भिंतभर चित्र : डोंगर, झुलता पूल, पाठीवर गाठोडं घेऊन चाललेली एक पोरगी. आवाज नाही. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर दिवाळीआधीच गेलाय. कपाटातला जुना मोठा स्पीकर काढला, पुसला. त्याची पिन लावायला प्रोजेक्टरच्या मागे दोन सारखीच छिद्रं, एकावर एक. खालच्यात नवऱ्याच्या, श्रीकांतच्या लॅपटॉपची तार. अंदाजाने काही नको. उद्या दुकानात विचारते.

४ नोव्हेंबर
बुढापारा मोहल्ल्यातल्या स्पीकर-प्रोजेक्टरच्या दुकानदाराला फोन. "हव दीदी, एकदम सिंपल है. पीछे दो छेद हैं ना? जो खाली है, उसमें लगा दीजिए." लॅपटॉपची तार काढली, खालच्यात लावली. काही नाही. दाबून पाहिली, फिरवून पाहिली. दोन तास गेले. लिहायचं होतं ते राहिलं.
श्रीकांत ऑफिसला निघता निघता : "काहून डोकं लावून राहिली तू? तिले कानात घालून खेळायची सवय आहे. खेळू दे न."
त्याला कळत नाही असं नाही. तिला छेडायची त्याला भीती वाटते.

५ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. पिन, तार, बटण. स्पीकर मुका.
मला गेम नको आहे, हे कुणाला सांगू. सप्टेंबरात रेवा पुण्याचं हॉस्टेल सोडून आली, पहिलं सत्रही पुरं न करता. का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून वर. जेवण वर. दिवसातून एकदाच हसायची, गेम खेळताना, बंद दाराआड, कानातल्या कुणाशी तरी. ते हसू हॉलमध्ये यावं, एवढंच.
संध्याकाळी जिन्याखालून हाक मारली, "रेवा, खाली ये गं." वरून, "खाली नहीं हूँ, मम्मी." लहान होती तेव्हा हा आमचा रोजचा विनोद. मी खाली बोलवायची, ती हिंदीतलं 'खाली' धरायची, रिकामी नाही म्हणायची आणि खिदळायची. आज फक्त वाक्य आलं.

६ नोव्हेंबर
प्रोजेक्टरच्या मागचा फोटो घेऊन दुकानातच गेले. तो पोट धरून हसला. "दीदी, मैंने खाली बोला, आपने भरे हुए को निकाल के उसमें डाल दिया! खाली तो ऊपर वाला था."
खाली तो ऊपर वाला था. वीस वर्षं या हिंदी बोलणाऱ्या गावात. पोरीशी त्याच शब्दावर हसत आले. आणि कान अजून अमरावतीचाच.
घरी येऊन पिन वर लावली, लॅपटॉपची तार परत खाली. लॅपटॉपवर गाणं लावलं तर असं गरजलं की श्रीकांत तोंडाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. मग गेम लावला.
काही नाही.
जमिनीवर बसून रडले थोडी. एका तारेपायी.

७ नोव्हेंबर
रेवा दहा मिनिटं खाली आली. हातात गेमचा रिमोट, कानात इअरफोन.
"आवाज येऊन राहिला का?"
"हाँ, आ तो रही है."
"मले नाही येत."
"मुझे आ रही है."
टोमणा नव्हता. की होता? मी बटण पूर्ण फिरवलं. स्पीकर नुसता घोंगावला.

८ नोव्हेंबर
दुकानात पुन्हा फोन. आता तो आवाजावरूनच ओळखतो. "दीदी, रिमोट में इयरफोन तो नहीं लगा है? लगा रहेगा तो पूरी आवाज उसी में जाएगी. निकाल दीजिए, बस."
म्हणजे परवापासून सगळं बरोबरच होतं. आणि रेवाला माहीत असणार. मी टेबलामागे रांगत होते, ती बघत होती. संताप आला.
दुपारी ती वर आंघोळीला. रिमोट दिवाणावर, इअरफोन त्याला लोंबकळतोय. भिंतीवर ती गाठोडंवाली पोरगी पुलाच्या मधोमध उभी. पिन चिमटीत धरली. एक झटका फक्त.
सप्टेंबरात मी तिला न सांगता हॉस्टेलच्या बाईंना फोन करून खोदून खोदून विचारलं होतं. तिला कळलं, त्या दिवशी वरचं दार लागलं.
पिन सोडली. रिमोटवरची धूळ पुसली, होता तसा ठेवला. राग मात्र तसाच.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पोहे. हाक न मारता ती उतरली. जिन्यातूनच, "मम्मी, खाली हो क्या?"
"खालीच तर आहे."
हसली नाही. ओठ जरा हलले.
शेजारी बसली. इअरफोन तिने काढला, पण रिमोटमधून नाही. एक स्वतःच्या कानात ठेवला, दुसरा माझ्याकडे केला. वारा. पुलाच्या फळ्या करकरतात. इतके दिवस हे सगळं तिथे चाललं होतं. मग एकदम एका मुलीचा आवाज, अगदी पुणेरी : "अगं, होतीस कुठं?"
रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, "थांब जरा. आई आहे शेजारी."
आई. मराठीत. माझ्याशी दोन महिन्यांत असं एक वाक्य नाही.
मग ती मुलगी म्हणाली, "सांगितलंस त्यांना?"
रेवाचा अंगठा थांबला. पोरगी पुलावर थांबली.
"नाही अजून."
मी काही विचारलं नाही. स्पीकर कोपऱ्यात मुकाच. तार आखूड आहे, डोकं तिच्या डोक्याला लावूनच बसावं लागतं. बसले.