दोराचं दुसरं टोक

मौजे पिंपळखुटा, अकोल्याजवळ
आश्विन शुद्ध तृतीया, शके १७८६

चिरंजीव उत्तमास मोठ्या बाबांचा आशीर्वाद. इकडे आम्ही दिवस काढतो आहोत, तुझं बरं असावं. अक्षर वेडंवाकडं आहे. पंतोजींकडे दोनच पावसाळे बसलो होतो. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

नत्थुजी गाडीवानानं तुझा निरोप सांगितला. पुनवेला घरी येऊन आकाशदिवा लावू का, असं तू विचारलंस. तुझा बाप भगवंता खाटेवरूनच म्हणाला, "पुन्हा माह्या कमरेले गाठ मारायले येऊन राहिला का थो? म्हणा, तिकडंच राय."

तुझी माय चुलीपुढून म्हणाली, "वर्ष झालं. पोराचं नाव तरी घ्या."

भगवंतानं तोंड भिंतीकडे केलं. मी लिहून कळवतो म्हणालो, म्हणून कळवलं. येऊ नको, असा त्याचा निरोप आहे.

तिकडे अमरावतीला तू दिवा लावशीलच. तर ऐक. सकाळी छपरावर चढू नको, कवेलूच्या कौलांवर दव असतं. ऊन चढू दे. पाय अनवाणी ठेव. कवेलूच्या मधोमध पाय देऊ नको, खाली वासा असेल तिथंच दे. शिडीचे पाय कोणी धरल्याशिवाय चढू नको. बांबूला गडगडी बसव, म्हणजे दिवा खालूनच वर-खाली करता येईल, रोज चढणं नको. आणि कमरेच्या दोराचं दुसरं टोक माणसाच्या हाती देऊ नको. खुंट्याला बांध, झाडाला बांध, गाडीच्या चाकाला बांध. माणसाच्या हाती नको.

आपलं धाब्याचं घर होतं तेव्हा या गोष्टी कोणाला ठाऊक होत्या? मातीचं सपाट छत, त्यावर बायका मिरच्या वाळवायच्या. मडक्यात बांबू रोवला की झालं. कापसानं दोन वर्षं हात दिला आणि भगवंताला कवेलूचं छप्पर सुचलं. उतरत्या छपरावर कसं चालायचं, हे घरात एकालाही माहीत नव्हतं.

इथवर तीनदा लिहून फाडलं आहे.

गेल्या साली दिवा लावायच्या त्या दिवशी बापाच्या कमरेला गाठ तू मारलीस. दोर आढ्यावरून पुढच्या अंगाला टाकला, तिथं मी उभा होतो. तुझा बाप मागच्या बाजूनं चढला. वरून ओरडला, "दादा, गच्च धरजो!"

"धरला बे. मी कायले सोडतो? चढ तू."

तू तेल-वात आणायला आत गेलास. तेवढ्यात रस्त्यानं दलालाची गाडी आली. कापसाला काय दिवस होते ते तू पाहिलेस. ज्याच्या दारात गाडी थांबेल त्याचा माल जाई. ती पुढे पाटलाच्या दाराकडे निघाली. मी हात वर केला. एक नाही, दोन्ही.

गाडी थांबलीही नाही.

मी घराच्या मागच्या अंगाला धावलो. भगवंता दगडावर पडला होता, शुद्ध नव्हती. त्याला श्वास घेता यावा म्हणून कमरेचा दोर सोडला. ती गाठ सोडताना माझी नखं दुखली, उत्तम. इतकी घट्ट होती. लोक जमले तेव्हा दोर मोकळा पडलेला. कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, गाठ सुटली. तू तेलाची वाटी घेऊन बाहेर आलास, तोवर शब्द तोंडातून गेला होता.

तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. "मी नीट मारली होती," एवढं तरी म्हणायचं. तू आपले हात पाहत उभा राहिलास. त्याचा मला आजही राग येतो. माझ्यासारख्याला तुझ्यावर रागवायचं तोंड नाही, तरी येतो.

भगवंताला एवढंच आठवतं की दोर ढिला झाला. रोज संध्याकाळी मी त्याच्या कमरेला तेल चोळतो. तो म्हणतो, "दादा, तू होता म्हून वाचलो." मी चोळत राहतो. पाय आता चालायचा नाही, असं वैद्य म्हणून गेला.

तुझी माय सांगत होती, तिकडे तू कापसाचे गठ्ठे आवळायच्या कामाला आहेस, पण बांधायला कोणी सांगितलं की दुसऱ्याला पुढे करतोस. ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

म्हणून आता माझा निरोप. बापानं नको म्हटलं तरी पुनवेच्या आत ये. त्याच्या खाटेजवळ उभा राहा आणि त्याच्यादेखत मला विचार, दोर कोणाच्या हाती होता? विचारलंस तर खोटं बोलणार नाही. न विचारता सांगणं माझ्याकडून होत नाही. वर्षभर झालं नाही, आजही हे लिहून झाल्यावर मी तेल चोळायलाच जाईन.

तुझ्या बापाचा दोर सोडलेला,
खुशाल