आठ घरांची कविता

१७ फेब्रुवारी, सोमवार
सोसायटीच्या मराठी दिनाला माझी नात ऋतिका मांजराची कविता म्हणेल, असं मीटिंगमध्ये सांगून बसलो. पोरगी इंग्रजी शाळेत, दुसरीला. सूनबाई प्रेमा म्हणाली, बाबा, पाठ झाली नाही तर नाव काढून घेईन, सगळ्यांसमोर रडायला नको. म्हटलं, खेळातून शिकवतो. मुलांना पुस्तक नको असतं. मलाही नको होतं, सातवीत सुटलं.

१८, सकाळ
पार्किंगमध्ये खडूने ठिक्करची आठ घरं आखली. एका घरात एक ओळ, चित्र काढून. ठिकरी टाकायची, ती पडेल ते घर टाळून लंगडी घालायची, बाकीच्या घरांतल्या ओळी म्हणायच्या. झकास. मांजर बघून ऋतिका म्हणाली, आजोबा, ही आरे कॉलनीच्या गोठ्यातली म्हैस आहे. चित्र बघायची सवय नाही मुलांना.

२० गुरुवार
लंगडीवर सुरेख म्हणते. फक्त ठिकरी ज्या घरात, ती ओळ गुल. प्रेमा म्हणाली, मग स्टेजवर काय करणार? पद्धत नवी असली की शंका येतातच.

२३ रविवार
बसून म्हणायला सांगितलं. दुसऱ्या ओळीला पाय हलायला लागला. धरून ठेवला, तर कविताच थांबली. सेक्रेटरी नंदकुमारने ग्रुपवर टाकलं, जयवंतकाकांची नवी पद्धत, सर्वांनी यावे. आमच्या अख्ख्या नाहूरभर बोभाटा झाला. गावी जायचं काढलं तर म्हणाला, काका, आता कुठे पळता, प्रोग्रामच तुमच्यावर आहे.

२६, दुपार
ठरलं. स्टेजवर घरं आखायची, लंगडी घालूनच म्हणेल. ठिकरी नाही म्हणजे ओळ गळणार नाही. काळजी मिटली. जेवण जात नाही, ते उन्हामुळे.

२८ शुक्रवार
काल प्रेमाने ऋतिकाला पायघोळ परकर नेसवला. सगळ्याच मुलींना होता, मला कुणी सांगितलं नाही. पहिल्याच उडीला परकर पायात. पोर थांबली, माझ्याकडे बघत राहिली. नंदकुमारने माईक माझ्या हातात दिला. काका, तुम्ही सुरुवात करून द्या.
समोर अख्खी सोसायटी. मला पहिली ओळ आठवेना. पाय आपोआप वर गेला. नंदकुमारच्या खांद्याला धरून निघालो, ओळी येत गेल्या. सहाव्या घरात दम लागला, पुढच्या दोन ओळी काय म्हटल्या, माझं मलाही कळलं नाही.
ऋतिका रडली नाही. सगळ्यांबरोबर हसत होती.
घरी येताना विचारलं, आजोबा, तुम्हालाही कविता लंगडीवरच येते? म्हटलं, छे, करून दाखवत होतो.
आज नंदकुमार येऊन गेला. एक मेच्या कार्यक्रमात माझं नाव घातलंय. कविता नको म्हणाला, नुसती लंगडी.