कपाटाच्या दाराची गिटार

ती. अक्का यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. सहा वर्षांनी आमच्या घरून पत्र आलेलं पाहून तुम्ही पाकीट आधी उलटसुलट करून बघितलं असेल. पत्ता बरोबर आहे, उघडा. तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांची साखर? इकडे मी बरा आहे. धाकटी बरी नाही. (हे तुम्हाला कळलं असेलच, नात्यात अबोला असला तरी बातम्यांची ये-जा चालू असते.) डॉक्टरांनी औषधं लिहून देणं कमी केलंय आणि माझ्या पाठीवर हात ठेवणं वाढवलंय. त्यावरून काय समजायचं ते मी समजलो.

तर तीन महिन्यांपूर्वी तिने पलंगावरून जाहीर केलं, की तिला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आहे. लग्नाआधी ती शेजारच्या मुलीची साधी गिटार चोरून वाजवायची म्हणे (तुम्हाला माहीत होतं? मला तेहतीस वर्षांत नव्हतं). मी म्हटलं, मग साधीच आणू. तर म्हणाली, "साधीला बोटांत जोर लागतो. इलेक्ट्रिकला नुसतं टेकलं तरी मोठा आवाज येतो. जन्मभर हळू बोलले, आता जरा होऊ दे." जन्मभर हळू बोलले, हे ऐकून माझ्या हातातली कात्री पडली. तिचा आवाज तुम्ही माझ्याआधीपासून ऐकताय, जास्त लिहीत नाही.

दुकानातल्या गिटारी तिला उचलवेनात. तेव्हा मी ठरवलं, मापाची शिवू. म्हणजे बनवू. ही गिटार आतून पोकळ नसते. एक भरीव फळी, तिला मान, मानेवरून तारा, तारांखाली चुंबकाची पेटी आणि तिथून स्पीकरला वायर. कोटाला याहून जास्त तुकडे लागतात, असा मी हिशोब केला. मान एका मोडक्या गिटारीची मिळाली, फळी जुन्या कपाटाच्या दाराची. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं, कटिंगच्या टेबलावर दार आडवं घातलं आणि खडूने आखलं. कोपऱ्यावरचा सुतार करवत द्यायला आला होता, तो माझं आखणं बघून करवत परत पिशवीत घालायला लागला. (सुताराने करवत मागे घेतली की समजावं, काम वाईट आहे.)

आणि अक्का, इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. मी ट्रायल घेतली. पहिल्या ट्रायलला फळी तिच्या मांडीवर ठेवली तर म्हणाली, "अहो, दार घेऊन बसवलंत मला." मी मागून रंधा मारला, बरगडीला टोचत होती ती कड गोल केली. दोन आठवड्यांनी पुन्हा ट्रायल, तर पुन्हा जड. पुन्हा रंधा. गिऱ्हाईक बारीक झालं तर कपडा आत घ्यायचा, हे मी चाळीस वर्षं करत आलोय. हात आपोआप चालतो. दर ट्रायलला ती बारीक, म्हणून गिटार बारीक. सुतार शेवटी ओरडला, "मास्तर, कापड आहे का हे? सैल करायला आत काही दुमडून ठेवलंय का तुम्ही? थांबा आता." मी कसला थांबतोय. चुंबकाची पेटी बसवायला खळगा कोरायला घेतला आणि पटाशी सरळ पलीकडून बाहेर आली. दोन महिन्यांच्या कामाला मधोमध भोक. मी ती फळी घेऊन तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, तर तिने भोकाला डोळा लावला आणि म्हणाली, "दिसताय." मग इतकी हसली की खोकला लागला आणि तिला उचलून बसवावं लागलं. मला तिला उचलायला एकच हात पुरला.

भोकाला मागून लाकडाचं ठिगळ लावलं. (ठिगळ सुरेख बसलंय, गिटारीत तेवढंच काम कारागिराचं वाटतं.) वायरी मी जोडल्या तेव्हा स्पीकरमधून फक्त गुणगुण आली, सुताराच्या भावाने पुन्हा जोडल्या. गेल्या रविवारी दुपारी तिने पहिल्यांदा तार छेडली. खिडकीची काच थरथरली. वरच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करायला खाली आले, तर ही त्यांनाच विचारते, "वरपर्यंत ऐकू आलं?" आणि असा चेहरा, जणू बक्षीस मिळालंय.

त्या दिवशी दहा मिनिटं वाजवली. परवा पाच. काल मांडीवर ठेवली आणि म्हणाली, अजून थोडी हलकी करता का. मी गिटार पुढच्या खोलीत नेली, रंधा हातात घेऊन उभा राहिलो आणि तशीच परत आणून दिली. म्हटलं, केली. ती म्हणाली, हो, आता बरी आहे. अक्का, त्या फळीत आता काढण्याजोगं लाकूड उरलेलं नाही.

यजमानांना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमच्या धाकटीचा टेलर

ता.क. हे पत्र लिहिलंय हे तिला माहीत नाही. तिला वाटतं, मी तारांसाठी दुकानाला लिहितोय.

ता.क. २. तुमच्या मुलीच्या लग्नात मी शिवलेल्या यजमानांच्या कोटाची पाठ उसवली, तुम्ही भर मांडवात मला बोललात, आणि धाकटी म्हणाली की कोट ठीक आहे, तुमचे यजमानच महिनाभरात फुगले. त्यावरून अबोला झाला. यजमान फुगले नव्हते. लग्नाच्या घाईत मी माप घेतलंच नव्हतं, डोळ्यांनी अंदाज केला होता. सहा वर्षं ती माझ्यासाठी भांडली आणि मी तिला भांडू दिलं.

ता.क. ३. हे वाचून तुम्ही डोळे पुसत, तिची समजूत काढायला याल. तसं करू नका. कोटाचं खरंही तिला सांगू नका. इथे येणारा प्रत्येक जण तिच्याशी गोड बोलतो, आणि त्यावरूनच तिने सगळं ओळखलंय. तुम्ही दारातूनच मोठ्याने सुरुवात करा. कोटावरून करा. ती उत्तर देईल. फक्त भांडण पुरं होईल इतका वेळ हाती असतानाच या.