आज तुझी पाळी

प्रिय नूतन,

तुला एक आई आहे आणि ती असोद्याला राहते, एवढं आठवावं म्हणून हे पत्र. दुपारी तुझ्या आयुषीच्या खेळाचं सांगायला फोन केला तर 'नंतर करते' म्हणालीस. तुझं नंतर म्हणजे पुढची दिवाळी. मला अक्षर येत नाही, तेव्हा शेजारच्या सुलक्षणाला लिहायला बसवलंय. कुठे गोड वाटलं तर ते तिचं समज.

फोन ठेवताना तू हसून म्हणालीस, निरागस आहे गं आयुषी, खेळते काहीही. हा शब्द मला नवा. सुलक्षणा सांगते, ज्याच्या मनात कपट नाही तो निरागस. आपण भोळं म्हणतो तेच की. मग जिच्या मनात कपटच नाही, ती पोर खोटं कशाला खेळेल? तुम्ही शिकलेली माणसं हा शब्द लेकराचं बोलणं उडवून लावायला वापरता.

या सुट्टीला माझ्याकडे आली तेव्हा तिने अंगणात शाळेची व्हॅन मांडली. केळीच्या क्रेटमध्ये बाहुल्या, ताटलीचं स्टेअरिंग, आणि मी पुढे तिच्या शेजारी. चालवता चालवता तिने मान टाकली. मी हसले. तर डोळे मिटूनच मला रागावली, की आजी, आज तुझी पाळी, चिमटा घे ना. व्हॅनवाल्या काकांना झोप लागली की पुढे बसलेल्याने दंडाला चिमटा घ्यायचा म्हणे. रोज एकाची पाळी. तिच्या एकाच चिमट्यात काका उठतात, याचा आमच्या आयुषीबाईंना केवढा अभिमान. माझं हसू तिथेच थिजलं.

काका चांगला आहे, गोळ्या देतो. रात्री दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, असं तीच सांगते. बिचारा असेलही. पण तुमच्या घरातून शाळेत जायला हायवे ओलांडावा लागतो, आणि तिथले ट्रक कुणाच्या चिमट्यासाठी थांबत नाहीत.

उद्या सोमवार, आणि पाळी आयुषीची. आज सकाळी तुमच्याकडे परत जाताना तिनेच मला कौतुकाने सांगितलं. म्हणून पहाटेच्या पहिल्या बसने तुझ्या भावाला, ललितला, हे पत्र घेऊन तुझ्याकडे धुळ्याला धाडतेय. व्हॅन यायच्या आत तो तुझ्या दारात असेल. व्हॅन आली की दारातच अडव. नुसती आपली पोर ठेवून घेऊ नकोस, बाकीची लेकरंही उतरव, त्यांच्या आयांना बोलव. जावईबापूंना म्हणावं, आज कामावर उशिरा जा. काकाला चहा दे, पण चावी काढून घे. ललितकडे रिकामा डबा दिलाय. डबा तसाच रिकामा परत आला तर तू ऐकलं नाहीस असं धरून मी दुपारच्या बसने निघाले असं समज. गाडी थांबवलीस तर शेवभाजी भरून पाठव, आणि मिरचीला हात आखडू नकोस.

तुझीच,
आई